हजर एकवीस

"तांड्यातल्या सातही पोरायले उद्या घरीच राहू द्या, मास्तर," हेडमास्तर म्हणाले.

मी वर्गाच्या जमिनीवर चुन्याने जिल्ह्याचा नकाशा काढत होतो. उमरखेडकडची हद्द झाली होती, नेरकडची राहिली होती. दुसऱ्या दिवशी डेप्युटीसाहेबांची वार्षिक तपासणी होती. मी हात झटकून उभा राहिलो.

"काहून?"

"साहेबानं इतिहास इचारला तर ते त्यायच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत सांगतील. मांगच्या साली काय शेरा भेटला, आठवते ना? चौथी म्हणजे शाळेची इज्जत आहे."

ही पद्धत काही आमच्याच शाळेत नव्हती. तपासणीच्या दिवशी कच्ची मुलं घरी ठेवायची आणि पक्की तेवढी साहेबांपुढे बसवायची. आम्ही मास्तर लोक त्याला 'वर्ग निवडणे' म्हणायचो, डाळ निवडतात तसा. त्यात काही वाईट आहे, असं कुणाला वाटत नसे.

चौथीला तेव्हा फार महत्त्व होतं. एकच मास्तर सगळं शिकवायचा: भाषा, गणित, इतिहास, भूगोल, विज्ञान आणि टकळीवर सूत कातणं. वर्षअखेरीला केंद्राच्या गावी परीक्षा होई. तिला कोण बसणार, ती यादी तपासणीच्या दिवशीच पक्की व्हायची. त्या दिवशी जो वर्गात नाही, तो यादीत नाही.

शिवाय ती मुलं कच्ची नव्हतीच. केसरी तर वर्गात पहिली होती. त्या साली नवे पैसे नुकतेच आले होते आणि आण्यांचे नवे पैसे करताना माझीही बोटं हलायची, तिची हलत नसत. तिच्या टकळीचं सूत मी दुसऱ्या मुलांना नमुना म्हणून दाखवत असे. तिच्या बापाने, थावराने, मला आधीच सांगून ठेवलं होतं, "गुरजी, पोट्टी चौथी पास झाली तर नेरले पाचवीत घालतो. नाई झाली तर घरचे लोक लगन करतेत. मंग माह्यं कोनी आयकत नाई."

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी "बरं" म्हणालो.

पोळ्यानंतर माझी बायको गेली होती. तेव्हापासून मी सगळ्यांनाच "बरं" म्हणत होतो. तेरा दिवस माझा वर्ग हेडमास्तरांनी सांभाळला होता, स्वतःच्या घरून डबा पाठवला होता. त्या माणसाशी वाद घालायचं बळ माझ्यात नव्हतं. दुःखातल्या माणसाला सगळं माफ असतं, असं लोक समजतात. मीही तसंच समजलो.

संध्याकाळी सायकलवर तांड्यात गेलो. उद्या सुट्टी आहे, असं सांगितलं.

"पन उद्या तर साहेब येनार होते ना, गुरजी?" केसरीने विचारलं.

"नाही येणार."

चौथीतल्या पोरीशी मी तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोललो.

साहेब आले, जीपने. भूगोलापासून सुरुवात झाली. "राज्याची राजधानी कोणती?" अर्धा वर्ग नागपूर म्हणाला, अर्धा मुंबई. आमचा भाग मुंबई राज्यात जाऊन वर्ष होत आलं होतं, पण पुस्तकं जुनीच होती. साहेब हसले. "मुलांचा दोष नाही. बरं, आपल्याकडे मीठ कुठून येतं?"

"शेटजीच्या दुकानातून!"

"आणि दुकानात कुठून येतं?"

एकही हात वर गेला नाही. सात जागा रिकाम्या होत्या. साहेबांनी हजेरीपट उघडला. "पट अठ्ठावीस, हजर एकवीस. बाकीचे सात?"

"तांड्यातले आहेत, साहेब," हेडमास्तर म्हणाले. "मायबापांना शिक्षणाची गोडीच नाही. वेचणी लागली की पोरं कपाशीत. आम्ही हात जोडून जोडून थकलो."

आवाज असा दुःखी की मलाही क्षणभर खरं वाटलं. साहेबांनी शेरा सांगितला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून शेरेबुकात मीच तो लिहिला. 'तांड्यातील पालक शिक्षणाबाबत उदासीन. सात विद्यार्थ्यांची नावे परीक्षेच्या यादीतून वगळावीत.' खाली साहेबांची सही झाली.

उदासीन! थावरा त्या सातही पोरांना रोज नाला ओलांडून शाळेपर्यंत आणत असे. पावसाळ्यात नाला भरला की एकेकाला खांद्यावर घेऊन सात खेपा करी. शेरेबुक मिटलं तेव्हा माझे कान तापले होते. तरी साहेबांसमोर तोंड उघडलं नाही. जीप गेल्यावर उघडलं. मोठ्या माणसांवरचा राग असाच निघतो, जीप गेल्यावर.

"तुम्ही खोटं सांगितलंत, हेडमास्तर."

"अन् सुट्टी कोनं सांगतली त्यायले? म्या?"

"पोरांची नावं गेली! पुढच्या होळीला केसरीचं लग्न लावतील!"

"पुढच्या साली बसतील की. एका सालानं काय होते?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुमचं मन ठिकानावर नाही. घरात एवढं झालं. दोन रोज रजा घ्या."

या शब्दांचा जितका राग आला, तितका त्या खोटेपणाचाही आला नव्हता. माझा खरा राग त्यांनी माझ्या बायकोच्या मरणात गुंडाळून मला परत दिला होता. आणि ते मनापासून बोलत होते!

दुसऱ्या दिवशी थावरा एकटाच आला, पोरांना न घेता.

"गुरजी, सुट्टी होती म्हनलं ना तुमी? मंग जीप कायची आलती? मले नाल्यावरून दिसली."

मी त्याला वर्गाबाहेर ओसरीवर नेलं.

"आमचे लेकरं वंगाळ आहेत काय? तर सीदं सांगा. आमी नसतो धाडत. केसरीनं साहेबासाठी कपडे धुऊन वाळू घातले होते."

मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "अन् आता?"

शाळा सुटल्यावर मी सायकल नेरला काढली. साहेबांचा मुक्काम तिथल्या विश्रामगृहात होता. सुट्टीचा निरोप खोटा होता आणि तो मी दिला, असं लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"याचा परिणाम ठाऊक आहे?"

"आहे."

"यात हेडमास्तरांचं नाव नाही."

"तांड्यात मी गेलो होतो, साहेब. ते नव्हते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "परवा दुपारपर्यंत मी इथे आहे. मुलं आणा. शेरेबुकही आणा."

मुलं आली तीन. बाकीचे चौघे वेचणीला लागले होते. त्यांच्या घरच्यांनी थावराला दारातूनच परत पाठवलं, "आता कायले?"

साहेबांनी तेच प्रश्न विचारले. मिठाशी आले तेव्हा केसरी म्हणाली, "समुद्राकडून. माह्या आज्याचा बाप बैलावर लादून आने."

"किती दिवस लागत?"

"ते पुस्तकात नाही, साहेब. आज्याले इचारा लागते."

"बरं. सहा आण्याचे नवे पैसे किती?"

"साडेसदतीस. पन दुकानदार सदतीसच धरते."

साहेब मोठ्याने हसले. टकळीवरचं सूत त्यांनी उजेडात धरून पाहिलं. इतिहास तिने पुस्तकी मराठीत सांगितला, हेडमास्तरांनी सांगितला असता त्याहून शुद्ध. तिन्ही नावं यादीत आली. जुना शेरा मात्र खोडला नाही. "सही केलेला शेरा मी खोडत नसतो," साहेब म्हणाले, आणि खाली दुसरा लिहिला.

केसरी पास झाली. थावराने शब्द पाळला, तिला नेरला पाचवीत घातलं. माझी वर्षाची पगारवाढ थांबली आणि बदली उमरखेडकडे झाली. त्याबद्दल तक्रार नाही, ती शिक्षा माझीच होती. हेडमास्तरांना काही झालं नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात नारळ दिला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. अशा माणसाचा राग धरणं फार कठीण असतं. मी धरला.

तेव्हापासून मुलाला विचारल्याशिवाय त्याच्या गैरहजेरीचं कारण मी कधी लिहिलं नाही. आणि घरात मरण झालं म्हणून शाळेत खोटं बोलायची सूट मिळत नाही, हेही शिकलो.

गोपा, दलसिंग, मांगू आणि शांती पुन्हा शाळेत आले नाहीत. मी ही हकीकत सांगतो तेव्हा ऐकणारे म्हणतात, गुरुजी, तुमच्यामुळे तीन मुलं तरली. सातातून तीन गेले की चार उरतात. हे शिकायला चौथीपर्यंत यावं लागत नाही.