धोंड्याला आलेली स्पोर्ट्स कार

साडू या नात्याबद्दल एकही चांगली म्हण माझ्या ऐकिवात नाही, आणि त्याचं मला नवलही वाटत नाही. बायका सख्ख्या बहिणी आणि नवरे एकमेकांच्या ताटात डोकावणारे, असं हे नातं. मी थोरला जावई. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, तेरहून मोटारसायकलवर सासुरवाडीला येणारा, येताना पिशवीत केळी आणणारा. धाकटा जावई पुण्यात कंपनीत मोठा साहेब. यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात त्यानं जे केलं ते मी कुणाला सांगायला गेलो की ऐकणारा गालातल्या गालात हसतो आणि म्हणतो, साडूचं पोट दुखतंय. दुखतंय. दुखणारच. पण त्या दिवशी पणाला लागलं होतं ते माझं पोट नव्हतं, सासूबाईंचं होतं.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तीन वर्षांनी एकदा येतो. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, बत्तासे आणि दिव्याचं ताट द्यायचं. सासूबाईंचा नेम असा की जावयाच्या पोटात घास गेल्याशिवाय आपल्या तोंडात काही घालायचं नाही. सासरे गेले, पाठोपाठ सासूबाईंना साखरेचा आजार जडला, दोन वेळा इन्शुलिनची सुई सुरू झाली, तरी नेम सुटला नाही. मागच्या धोंड्याला धाकटीचं लग्न व्हायचं होतं, जावई म्हणून मी एकटाच. माझं ताट सकाळीच वाढलं होतं आणि माझ्यामागं लगेच त्या जेवल्या होत्या. एका जावयाचं हे बरं असतं.

यंदा दोन पाट मांडले होते. आम्ही आदल्या संध्याकाळीच पोचलो होतो. बायको पहाटेपासून पुरण वाटत होती. धाकटी मंडळी सकाळी दहापर्यंत येतो म्हणाली होती, म्हणून सासूबाईंनी नेहमीच्या वेळी सुई घेतली. दहा गेले, अकरा गेले, बारा गेले. फोन केला तर आत्ताशी निम्म्या वाटेत. मग बायकोच्या ध्यानात आलं.

"आई, सुई घेतलीस का गं?"

"व्हय, मघाच घेतली."

"आणि खाल्लं काय?"

"जावई यायचेत की."

सुई घेऊन उपाशी बसू नये, हे त्यांना डॉक्टरनं सांगितलेलं, बायकोनं सांगितलेलं, आणि मी तर पाढ्यासारखं घोकून घेतलेलं. बायको चहात साखर घालून घेऊन आली. त्यांनी कप बाजूला सरकवला. मी म्हणालो, "मामी, मला वाढा. एक जावई तर जेवला, मग तुम्ही घ्या." त्यावर त्या माझ्याकडं शाळेतल्या वांड पोराकडं बघावं तसं बघत म्हणाल्या, "एकाला वाढायचं नि एकाला उपाशी ठिवायचं? पंगत मोडायची न्हाय मला."

आता त्या गाडीविषयी सांगतो. धाकट्यानं दिवाळीत ती घेतली. लाल, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकतं की काय अशी बुटकी. फोनवर त्यानं मला तासभर तिचं पुराण ऐकवलं होतं. साध्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात, हिची मागची चाकं ढकलतात, खरी स्पोर्ट्स कार अशीच असते, वगैरे. मी म्हणालो, आमच्याकडं बैल पुढं असतो. तो हसला नाही. तसा आमच्याकडचा ट्रॅक्टरही मागच्याच चाकांवर चालतो, पण त्याच्या टायरला हात बुडेल एवढ्या खाचा असतात. हिचे टायर रुंद आणि तळहातासारखे सपाट, गुळगुळीत हमरस्त्यासाठी केलेले. आणि सासूबाईंची वस्ती तामलवाडीच्या पुढं, डांबरी सोडून निम्मा कोस आत. तो निम्मा कोस सगळा काळ्या मातीचा, दोन्ही अंगाला चरी. उन्हाळ्यात घोटाभर फुफाटा, आणि पाणी लागलं की बैलसुद्धा पाय मोजून टाकतात.

दुपार कलली तसं आभाळ भरून आलं. आधी वारा सुटला, मग टपोऱ्या गारा. पत्र्यावर असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. पाव तास झोडपून थांबल्या तेव्हा अंगण पांढरं झालं होतं. आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला होता. सासूबाई दारात बसून रस्त्याकडं बघत होत्या. कपाळाला घाम होता, आणि गारांनी हवा एवढी गार झालेली असताना घाम कसला, हे माझ्या बायकोनं बरोबर ओळखलं. अंगातली साखर उतरत चालली होती.

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर बहिणीचं स्टेटस आलं. मीही बघितलं. आमचाच रस्ता होता तो, डांबरी सोडल्यावरचा पहिला टप्पा. गारांनी पांढराधोप झालेला. त्यावर ती लाल गाडी मुद्दाम शेपूट फिरवत, गारा उडवत, डावीउजवीकडं घसरत होती. मेहुणी खाली उतरून शूटिंग करत होती आणि खिदळत होती. वर लिहिलं होतं, "आमचं काश्मीर". बायकोनं ते शेवटपर्यंत बघितलं आणि मोबाइल फळीवर पालथा ठेवला. म्हणजे ही माणसं निम्म्या कोसावर येऊन खेळत होती.

नंतर फोन आला. गाडी जरा स्लिप झालीय म्हणे. दहा मिनिटांत येतो म्हणे.

मी चालत निघालो. मोटारसायकल काढण्यात अर्थ नव्हता, चिखल मडगार्डमध्ये भरला की तीच खांद्यावर घ्यावी लागते. चपला हातात घेतल्या आणि पायाला चिखलाची पेंड चढवत गेलो. गारा वितळून त्यांचं पाणी झालं होतं, आणि खाली ती माती. गाडी रस्त्यात आडवी पडली होती. मागचं एक चाक चरीत, दुसरं मातीत कण्यापर्यंत रुतलेलं. धाकटा आत बसून ॲक्सिलरेटर दाबत होता. चाकं जागच्या जागी भिंगरीसारखी फिरत होती आणि गाडी प्रत्येक वेळी आणखी बोटभर खाली बसत होती. मी मागून दोन दगड सारले. त्यानं पुन्हा दाबलं. माझ्या तोंडापासून पायापर्यंत चिखलाची आंघोळ झाली. धोंड्यासाठी घातलेला पांढरा सदरा काळा झाला. मेहुणी म्हणाली, "अगं बाई, दाजी!" आणि रुमाल शोधू लागली.

मी काचेवर टकटक केली. म्हणालो, "गाडी राहू द्या. खाली उतरा, माझ्याबरोबर चला. मामींनी सकाळी सुई घेतलीय आणि अन्नाचा कण पोटात नाही. तुम्ही दोन घास खा, म्हणजे त्या खातील. मग मी स्वतः ट्रॅक्टर बघून आणतो."

"दहा मिनिटं द्या, साडूभाऊ."

"दहा मिनिटं नाहीत."

"गाडी अशी रस्त्यात टाकून कसा येऊ? पोरं येतील, हात लावतील. एक ओरखडा म्हणजे काय असतो तुम्हाला कल्पना नाही."

"मी बसतो गाडीत राखण. तुम्ही जा."

त्यानं माझ्या चिखलानं भरलेल्या विजारीकडं बघितलं, मग आतल्या पांढऱ्या सीटकडं. मी म्हणालो, बरं, बाहेर उभा राहतो, लांब उभा राहतो. तर तो दार उघडून पाय खाली काढायला लागला आणि थबकला. पांढरे बूट होते. चिखलाकडं असं बघत होता की जन्मात पहिल्यांदा बघतोय. हा ईट गावचा माणूस. याचा बाप ज्वारीच्या रानात खपलेला. हा स्वतः अनवाणी असाच चिखल तुडवत शाळेत गेलेला, हे त्यानंच लग्नात कौतुकानं सांगितलं होतं. मला तेव्हा त्याचा इतका राग आला की तोंडात शिवी आली. ती मी गिळली, कारण मेहुणी समोर होती.

मेहुणीला म्हणालो, "तू तरी सांग त्यांना." ती म्हणाली, "दाजी, आईचं न्हेमीचंच हाय. ती जरा जास्तच करती. येतो की आमी, एवढं काय." त्यानं पाय आत घेतला आणि दार लावलं.

मी परत फिरलो. जाताना लागला त्यापेक्षा येताना जास्त वेळ लागला, पायच उचलेनात. मागून त्या गाडीचा आवाज येत होता, नुसता ओरडण्याचा. एवढी ताकद, आणि सगळी मातीत.

वस्तीवर आलो तर सासूबाई बाजेवर आडव्या होत्या. अंग घामानं निथळत होतं, हात थरथरत होते. मला बघून म्हणाल्या, "कोण हाय?" मग सासऱ्यांच्या नावानं हाक मारून पाणी तापवायला सांगितलं. सासरे जाऊन पाच वर्षं झाली होती. बायको गुळाच्या पाण्याची वाटी घेऊन उशाला बसली होती. चमचा ओठाला लावला की त्या दात आवळून घेत. माणसाची शुद्ध गेली, नेम मात्र शाबूत. मी फोन लावायला बघत होतो, पण दवाखान्याची गाडी बोलावून तरी काय करणार? वस्तीवर यायचा एकच रस्ता, आणि त्यात ते लाल धूड आडवं पडलेलं.

बायकोनं माझ्या मागं बघितलं. मी एकटाच आलोय, हे तिला कळलं. ती आईच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, जेवलं धाकटं जावई. आत्ताच उठलं ताटावरून. हात धुवायला गेल्यात."

सासूबाईंचे डोळे हलले. "पोटभर?"

"पोटभर. दोन धोंडे आणखी मागून घेतलं."

त्यांनी तोंड उघडलं. पूर्ण शुद्धीत असत्या तर उठून ताट बघायला गेल्या असत्या, म्हणून आधी हे खोटं बोलायची सोय नव्हती. बायको चमच्या-चमच्यानं पाजत राहिली आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी त्या वाटीत पडत होतं. अर्ध्या तासानं सासूबाईंनी मला ओळखलं आणि माझे कपडे बघून म्हणाल्या, "असं कसं वो भरलं?"

मंडळी दिवस मावळताना आली. शेजारच्या वस्तीवरच्या ट्रॅक्टरनं गाडी साखळीनं ओढत दारात आणून सोडली. धाकट्यानं आधी गाडीभोवती फेरी मारली, वाकून, मोबाइलचा उजेड पाडून. मग आत आला. सासूबाई तोवर उठून बसल्या होत्या, आणि बायको नको नको म्हणत असताना चुलीपुढं गेल्या होत्या. पाटावर आम्ही दोघं शेजारी बसलो. त्याच्या ताटात धोंडे पडले तेव्हा त्यांना ग्लानीत ऐकलेलं ते बोलणं आठवलं आणि ध्यानात आलं, की हा माणूस आत्ता पहिल्यांदा जेवतोय.

त्या बायकोकडं वळल्या. आवाज बारीक, पण मला ऐकू आला. "तू खोटं बोललीस. जावयाच्या आधी माझ्या तोंडात घातलंस. तीन वर्सांनी एकदा येतंय, तेबी बाटवलंस. पोटची पोर का वैरीण तू?"

बायको म्हणाली, "व्हय." आणि मला वाढायला वाकली. तिचा हात गरम तुपाच्या भांड्यावर तसाच राहिला होता, चटका बसला तरी तिला कळलं नाही. मला उठून ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. पण आणखी एक पंगत मोडली म्हणून तिलाच बोल लागला असता, म्हणून मी जेवलो.

सासूबाई तुपाची वाटी घेऊन धाकट्यासमोर बसल्या. त्याच्या धोंड्यावर तूप ओतत म्हणाल्या, "जावईबापू, गाडीला कुठं लागलं न्हाय ना?"

"मागं एक ओरखडा आलाय, मामी."

"अगं आई गं," असं म्हणून त्यांनी पदर डोळ्याला लावला, आणि खरंच रडल्या.