भिंतीपलीकडची न्हाणी

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. आई म्हणायची, हिला दूध दिलं तरी ही आधी त्यात बोट घालून बघेल. खोटं कशाला बोलू, बघायचेच मी. पण त्या संशयाची शिक्षा दुसऱ्याच बाईला झाली, ती गोष्ट आज सांगते. इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

लढाईचे दिवस होते. यजमान कोल्हारच्या शाळेत मास्तर. मी नगरची, दगडी भिंतींच्या घरात वाढलेली. कोल्हारला जे भाड्याचं घर मिळालं ते कच्च्या विटांचं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. घर एकच, मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडं केलेली. पुढच्या बाजूला आम्ही, मागच्या बाजूला एक विधवा बाई. साठीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू, लेक दिलेली राहुरीकडे. मी तिला मावशी म्हणायची, ती मला मास्तरीणबाई. तिची न्हाणी म्हणजे भिंतीला लागून टाकलेली एक फरशी आणि पाणी परसात जायला एक भोक. त्या भिंतीच्या अलीकडे आमचं माजघर, आणि तिथेच माझ्या तान्ह्या लेकीचा पाळणा.

माजघराची ती भिंत जुनीच, जागोजागी खड्डे पडलेली. पहिल्या उन्हाळ्यात मी ती स्वतः लिंपली. घरमालकाने माळवदावर टाकायला गाड्या भरून माती आणवली होती, त्यातली ढीगभर अंगणात उरली. काय माती होती ती! पांढुरकी, मऊ, हाताला पिठासारखी. म्हटलं, फुकटात एवढं चांगलं मिळतंय तर सोडा कशाला? शेण न् भुसा घालून तुडवली, भिंतीला बोटभर जाड थर दिला, वर चुन्याचे दोन हात मारले. मावशी तेव्हा राहुरीला तिच्या लेकीकडे गेलेली. परत आली तेव्हा माझी भिंत पांढरीशुभ्र झालेली होती आणि मी ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

पाऊस सरला आणि भिंत फुगायला लागली. आधी चुन्याला फोड आले, मग पोपडे सुटले. पोपड्याखाली बघावं तर पांढरी लव, कापसासारखी. बोटाने पुसली, जिभेला लावली. खारट! खरवडून काढावी तर आठ दिवसांत पुन्हा तीच. एक दिवस पाळण्यात हातभर पोपडा पडलेला, लेक ती माती चिमटीत धरून तोंडात घालत होती. मी बोट घालून तिच्या तोंडातली माती काढली.

आणि मग मला कळलं. म्हणजे मला वाटलं, कळलं. भिंतीपलीकडे न्हाणी. दुसरं काय असणार?

एकदा संशय मनात शिरला की त्याला खायला घालायला माणूस आपणच बसतं. मी भिंतीला कान लावून मावशीच्या आंघोळीचे तांबे मोजायला लागले. नऊ तांबे! एकट्या बाईला नऊ तांबे कशाला लागतात? बरं, पाणी गोडं, मग खार कुठून आला? त्याचंही उत्तर मी शोधलं. मावशी माझ्या लेकीची दृष्ट काढायची, मीठमोहऱ्या ओवाळून. ते मीठ ती टाकते कुठे, असं कधी विचारलं होतं मी? म्हटलं, गरीब दिसणारी माणसंच आतल्या गाठीची असतात. तिने कालवण दिलं तर मी ते गाईला घालायला लागले आणि दृष्ट काढायला ती आली की लेक झोपलीय म्हणून दारातनं परत पाठवायला लागले.

खार जिथवर चढला होता तिथे मी कोळशाने रेघ ओढली. रोज बघायची. चार दिवसांत खार रेघेच्या वर. मी वर नवी रेघ ओढली. पुढे मावशी पंधरा दिवस राहुरीला गेली, न्हाणी ठणठणीत कोरडी, तरी खार रेघेच्या वर. दुसऱ्या कुणाचे डोळे तिथे उघडले असते. मी काय म्हणावं? म्हातारीने जाण्याआधी दुप्पट पाणी ओतून ठेवलं असेल! कावीळ झालेल्याला सगळंच पिवळं, तसली गत.

यजमान म्हणाले, अगं मातीची भिंत आहे, फुगायचीच, पाळणा हलव. मला ते पटलं नाही. मी उठले ती थेट घरमालकाच्या बायकोकडे गेले. भिंत आतून खचतेय, उद्या लेकरावर पडली तर कोण जबाबदार, असं आणि आणखी बरंच बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. घरमालकाने दुसऱ्याच दिवशी दोन गडी पाठवले. त्यांनी फरशी उखडली, भोक दगडमातीने बुजवलं आणि मावशीला सांगितलं की आता इथे पाण्याचा थेंब सांडायचा नाही.

मावशी दारात आली. मला वाटलं भांडेल, मी पदर खोचून तयारच होते. ती एवढंच म्हणाली, "मास्तरीणबाई, मला आदी सांगायचं हुतं तुमी."

पौषातली थंडी. मावशी पहाट फुटली की लुगडं खांद्यावर टाकून प्रवरेवर आंघोळीला जायची. घाटाच्या पायऱ्या तिला एकेक करून, हात टेकत उतराव्या लागायच्या. ओलेत्याने परत यायची तेव्हा दात वाजत असायचे, ते मला घरात ऐकू यायचं. वाईट वाटायचं का? वाटायचं. पण त्याहून जास्त मी भिंतीकडे बघायची, कारण खार काही थांबला नव्हता. मग म्हटलं, ही नदीवर जायचं नाटक करते आणि आत गुपचूप पाणी ओतते. विरजण मागायच्या निमित्ताने मी तिच्या घरात शिरले आणि ती आत वळली तशी भिंतीला हात लावून पाहिला. तिच्या बाजूने भिंत कोरडी खडखडीत. पोपडा नाही, लव नाही. तरीही मी विरजण घेऊन मुकाट घरी आले.

वैशाखात पुन्हा मातीच्या गाड्या आल्या. माळवदावर काम करणाऱ्या म्हाताऱ्या गड्याला मी सांगितलं, दोन पाट्या माझ्यासाठी ठेवा, माजघराची भिंत पुन्हा लिंपायचीय, गेल्या साली याच मातीने लिंपली होती. त्याने हातातली पाटी खाली ठेवली.

"ही माती भित्तीला लावली? अवो बाई, ही खारी माती हाय. वर गवात उगू न्हाई आन् पानी मुरू न्हाई म्हनून माळवदावर टाकत्यात. भित्तीला लावली तर भित्त खाती ती. गावातल्या पोरीबाळींना बी ठावं हाय."

थोबाडीत मारल्यासारखं झालं मला. मीठ मीच कालवलं होतं, मीच तुडवलं होतं, मीच वरून चुना मारून लोकांना दाखवलं होतं. पहिला विचार काय आला सांगू? गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? दोन दिवस मी गप्प बसलेही. तिसऱ्या दिवशी मावशी घाटावरून लंगडत आली, गुडघा सोललेला, आणि माझ्याच ओट्याला टेकून क्षणभर उभी राहिली. मग मात्र मला राहवलं नाही.

घरमालकाकडे जाऊन चूक माझी म्हणून सांगितलं. त्याची बायको पदराआड हसली, हसू दे. त्याच गड्याकडून माझी भिंत विटेपर्यंत खरवडून घेतली आणि शेतातल्या मातीने लिंपली. मावशीची फरशी पुन्हा बसवली, भोक मोकळं केलं. मी मावशीचे पाय धरले, सगळं सांगितलं, दृष्टीच्या मिठाचंसुद्धा. तिने मला उठवलं, म्हणाली, असू द्या, लेकराची आई हाय तुमी. आणि त्याच दिवशी कितीतरी महिन्यांनी लेकीची दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागीच होते. भिंतीपलीकडे तांब्याचा आवाज झाला नाही. कडी वाजली आणि मावशी नदीकडे निघाली. म्हटलं, फरशीचा चुना ओला असेल. महिना गेला, पाऊस लागला, तरी मावशी नदीवरच. घाटाच्या पायऱ्या निसरड्या झालेल्या. माझा मेला स्वभाव, मला वाटलं, गावाला दाखवायला करतेय. शेवटी एका सकाळी मी तिला दारातच अडवलं. म्हटलं, मावशी, न्हाणी बांधून दिली, पाया पडले, अजून किती दिवस राग धरणार?

मावशी खरंच गोंधळली. म्हणाली, "राग कसला, बाई? आन् पुन्ना तुमची भित्त फुगली तर?"