आठ नमुन्यांतलं एक अक्षर

वंदनाताई म्हात्रे विषाणूचा जनुकक्रम कागदावर छापून, ओळीखाली फूटपट्टी धरून वाचायच्या. ए, सी, जी, टी ही चारच अक्षरं, पण हजारोंनी. खालच्या मजल्यावर कापडाचे यंत्रमाग चालायचे, टेबल थरथरायचं, पट्टी मात्र हलायची नाही. भिवंडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीत असे क्रम तपासणारं सॉफ्टवेअर बनत होतं: कुठलं जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, मधली अक्षरं गळलीत का. चूक सापडली की ओळ तांबडी, नाहीतर हिरवी. ताई जवळच्याच कोन गावच्या, एम.एस्सी. झालेल्या. मी नवा प्रोग्रामर. "पडद्यावर तांबडं दिसलं तर बरं," त्या म्हणायच्या. "सगळं हिरवं आलं की मी पुन्हा पहिल्यापासून वाचते."

एका वर्षी डेंग्यूची साथ आली. ताईंची भाची तापाने दवाखान्यात होती. त्याच आठवड्यात एका प्रयोगशाळेने भिवंडी-पडघ्याच्या रुग्णांचे क्रम सीडीवर पाठवले. आमच्या सॉफ्टवेअरने सगळे हिरवे दाखवले, आणि त्यातल्या आठांत एकाच जागी तोच अनोळखी बदल. दवाखान्याच्या धावपळीत ताईंनी मूळ फाइली न छापताच अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला: हा विषाणूचा नवा प्रकार तर नाही? वर, आरोग्य खात्याला कळवावं लागेल.

ताईंचा चेहरा उतरला. "पोरीला ह्योच असंल तर?" एवढंच बोलल्या आणि मूळ फाइली छापायला बसल्या.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "हे बघ. सात कागदांवर या जागी 'एन' हाय, म्हंजे मशीनला अक्षर वाचताच आलेलं न्हाय. मग तुझ्या प्रोग्रामला ते दिसलं कुठून?"

मी कोड उघडून पाहिला. न वाचलेल्या जागी माझा प्रोग्राम आधीच्या फाइलमधलं अक्षर भरत होता. एका रुग्णातला बदल पुढच्या सातांना मीच चिकटवला होता.

मालक म्हणाले, "गुपचूप नवा अहवाल पाठवा. मशीनमध्ये प्रॉब्लेम होता, बोल दो." मलाही तेच हवं होतं.

"तिकडं लोक भ्यायलेत, साहेब," ताई म्हणाल्या. "का चुकलं ते सांगितलं न्हाय, तर नवा कागद तरी कोण खरा मानंल?" त्यांनी स्वतःच फोन लावला. माझं नाव घेतलं नाही. "चूक आमची. तपासून सोडायचं काम माझं होतं."

भाची बरी झाली. प्रयोगशाळेचं काम मात्र गेलं, आणि मालकांनी ताईंना काढलं. मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

जिन्यापाशी त्यांना गाठून म्हटलं, "ताई, मी घाबरलो."

चप्पल घालता घालता त्या म्हणाल्या, "मी काय कमी भ्याले व्हते? फोन लावताना नंबर दोनदा चुकला माझा."