गळ्यातला चिमटा

मॉन्ट्रियलच्या वृद्धाश्रमात मला नर्सची नोकरी लागली, पण परवाना मिळाला वर्षापुरता. तिथला सगळा कारभार फ्रेंचमध्ये. त्या भाषेच्या परीक्षेत पास झाले तर पक्का, नाहीतर घरी बसा. वसईला दहा वर्षं हॉस्पिटलात राबले होते. तिथे म्हाताऱ्यांना कुठे दुखतंय ते फ्रेंचमध्ये लिहिता आलं नाही, तर ती दहा वर्षं पाण्यात. दोनदा मुदत वाढवून मिळाली आणि दोन्ही वेळा मी लेखीत नापास झाले. तिसरी वेळ शेवटची होती.

मला त्या भाषेचा रागच यायचा. माझ्याबरोबर एक मदतनीस होती, आयव्हरी कोस्टची. तिचं फ्रेंच असं की ऐकत बसावं. तिकडे ती शाळेत शिक्षिका होती. मॉन्ट्रियलला तिच्या पदव्या कुणी ग्राह्य धरल्या नाहीत, म्हणून म्हाताऱ्यांना आंघोळ घालत होती. फ्रेंच येऊन तिचं काय भलं झालं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण मला फक्त तिचा हेवा वाटायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी चिडून तिला म्हटलं, “तुमच्याकडचे फ्रेंच गोरे तर राज्य सोडून कधीच गेले. मग ही भाषा का ठेवलीत? आमच्या वसईत पोर्तुगीज दोनशे वर्षं होते. गेले ते आम्हाला आडनावं देऊन. प्रार्थना मात्र आम्ही मराठीतच म्हणतो.”

“नशीबवान आहात,” ती म्हणाली. “आमच्याकडे गावागणिक भाषा. एकाची सरकारी केली की बाकीचे उठणार. फ्रेंच कुणाचीच नाही, म्हणून ती सगळ्यांना चालते.” मग डब्यातला भात चिवडत म्हणाली, “हे आम्ही शाळेत शिकवतो ते उत्तर. खरं म्हणजे ज्यांना फ्रेंच येत होतं तेच गोऱ्यांच्या खुर्च्यांवर बसले. ते कशाला बदलतील?”

मग तिनं तिच्या लहानपणीच्या शाळेची गंमत सांगितली. वर्गात दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा असायचा. जो आपल्या घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात तो पडायचा. त्यानं दिवसभर कान टवकारून दुसऱ्या कुणाला तरी पकडायचं आणि त्याच्या गळ्यात घालायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्यानं मार खायचा.

“गोरे मास्तर?” मी विचारलं.

“कुठले गोरे? आमचेच. मी शिक्षिका झाले तेव्हा माझ्याही टेबलावर होता तो.” ती हसली आणि भात न संपवताच डबा बंद केला.

दुसरी कुणी असती तर तिला ऐकून वाईट वाटलं असतं. मला युक्ती सापडली. माझी मुलगी सात वर्षांची, तिथल्या फ्रेंच शाळेत जायची. घरी मात्र आमचं सगळं मराठीत. संध्याकाळी मी कपड्यांचा लाकडी चिमटा लोकरीच्या धाग्यात ओवला आणि तिला खेळ समजावला. घरात फ्रेंच सोडून काही बोलेल त्याच्या गळ्यात चिमटा. झोपताना ज्याच्या गळ्यात असेल त्यानं भांडी घासायची. नवऱ्यानं कपाळावर हात मारला आणि खेळातून अंग काढून घेतलं.

पहिले काही आठवडे भांडी मीच घासली. पोरगी टाळ्या पिटायची. मग मी चलाख झाले. तिला झोप येत असली, गुडघा खरचटला की तिच्या तोंडून मराठी निघायचं, आणि मी चिमटा घेऊन तयार. एकदा तापात तिनं “आई, पाणी” म्हटलं तेव्हाही मी धागा उचलला होता. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते. हळूहळू ती पकडली जाईनाशी झाली. रविवारी कॉलिंग कार्डावरून वसईला फोन लावला की आबा, म्हणजे माझे वडील, तिच्याकडून प्रार्थना म्हणवून घ्यायचे. परीक्षा होईपर्यंत तेही मी बंद ठेवलं.

परीक्षा झाली. मी लेखीतच नापास झाले, थोडक्यात. परवाना गेला. नवऱ्यानं टोरांटोकडे नोकरी शोधली आणि आम्ही व्हिटबीला आलो. इथे फ्रेंच कुणी विचारत नाही. मुलगी इंग्रजी शाळेत जाऊ लागली आणि बघता बघता घरातही इंग्रजीच बोलू लागली. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मी खूप गोंजारलं, रागावले, गोष्टी सांगितल्या. पोर्तुगिजांना दोनशे वर्षांत जमलं नाही ते मी एका हिवाळ्यात करून ठेवलं होतं.

त्या वर्षी आबा अंथरुणाला खिळले. भाऊ फोनवर म्हणाला, “पोरीचा आवाज ऐकायचाय त्यांना. एकदा प्रार्थना म्हणू दे.”

मी फोन तिच्यापुढे धरला. “आबांशी मराठीत बोल हां,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. खणातून तो चिमटा घेऊन आली. सामान बांधताना तो कुणी ठेवला होता, देव जाणे. तिनं धागा स्वतःच्या गळ्यात घातला आणि मग फोन घेतला.

“हे आमच्या स्वर्गातील बापा,” ती म्हणाली. पुढचं तिला आठवेना.

तिकडून आबांनी थांबत थांबत, धापा टाकत पूर्ण प्रार्थना एकट्यानं म्हटली. ती चिमटा मुठीत धरून ऐकत होती. शेवटी “आमेन” म्हणून तिनं फोन माझ्याकडे दिला आणि इंग्रजीत विचारलं, “आता भांडी मी घासायची ना?”