गेला का फोटो?

चाकणच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह किंवा केबल लावायला बंदी आहे. म्हणून तपासणीतला हा गृहस्थ खराब पार्टचे फोटो मोबाइलवरून वायफायने माझ्या कॉम्प्युटरवर पाठवतो, तेही नेमके शिफ्ट सुटताना, बाहेर माझी बस हॉर्न देत असताना. सगळे एकदम पाठवा, हे मी शंभरदा सांगितलं असेल. "न्हाई साहेब, गर्दीत एखादा हरवतो," म्हणतो आणि एकेक करून पाठवतो. मोबाइल मॉनिटरला अगदी चिकटवून धरतो. जवळून लवकर जातो म्हणे. प्रत्येक फोटोनंतर विचारणार, "गेला का?" मी "गेला" म्हटल्याशिवाय पुढच्या फोटोला बोट लावत नाही. डोकं उठतं.

परवा शेवटचा फोटो अर्ध्यात अडकला. मी वैतागून त्याच्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. तडा गेलेला पार्ट होता आणि त्यावर हिरवी खूण. हिरवी खूण म्हणजे पास, आणि त्या लाइनवर ती खूण करणारा हा एकटाच.

"भाऊ, हा तर तुम्हीच पास केलाय," मी आवाज खाली आणून म्हणालो. "अडकलाय तर राहू द्या. कुणाला कळतंय?"

"म्हंजे गेला न्हाई," तो म्हणाला, आणि मोबाइल पुन्हा मॉनिटरला चिकटवला.

बाहेर माझी बस निघून गेली. तो माझ्या तोंडून "गेला" ऐकायची वाट बघत तसाच उभा राहिला.