डॉक्टरीणबाईंचं उरलेलं बोलणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही शालनला ओळखत नव्हता.

शालन माझी बायको. माहेर कागलकडचं. निपाणीत संसार केला, पण कन्नड तिला कधी आलं नाही. दवाखाना असो, कचेरी असो — मी मध्ये उभा. मी सांगेन तेवढंच तिला कळायचं. एवढ्या विश्वासाचं काय करावं माणसानं?

बेळगावात तिच्या गर्भाशयमुखाची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई कन्नडमधून सावकाश बोलल्या. पेशींत किंचित बदल दिसतोय. हा कॅन्सर नव्हे. बहुतेकींचं आपोआप निवळतं. पण वर्षाने पुन्हा तपासायचंच — निवळलं नाही तर पुढे वाढू शकतं. मग म्हणाल्या, यामागे बहुधा एक विषाणू असतो. शरीरसंबंधातून येतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो. कुणाकडून आला, ते सांगता येत नाही.

सांगता येत नाही — पण मला खानापूर आठवलं. तिथल्या शाळेत माझ्या नोकरीची सुरुवात, शालन निपाणीत, आणि मी जिच्याकडे जायचो तिची ती खोली.

बाहेर आल्यावर शालननं विचारलं, "एवढं लांबलचक काय म्हणाल्या वो?"

"किरकोळ हाय. आपोआप जातंय."

"मग तुमचं त्वांड का उतरलंय? दुखणं माझं, आन् घाबरलासा तुमी!" ती हसली. मीही हसलो.

वर्ष उलटलं. मी आठवण केली नाही. पुन्हा गेलो असतो तर तिनं विचारलं असतं — कुठनं आलं हे? निवळलं असेल, असं मीच मला सांगत राहिलो.

निवळलं नव्हतं. काही वर्षांनी, पाळी कधीच गेलेली, तरी रक्त दिसू लागलं, तेव्हा उशीर झाला होता. शेवटी शेवटी ती मुलीला म्हणायची, "ह्यांनी येळेवर न्हेलतं गं मला." मी उशाशी बसून ऐकायचो.

शालन कशानं गेली, ते गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं; आम्ही पोटाचं दुखणं एवढंच सांगितलं होतं.

परवा शेजारची सुनंदा आली. तिचाही अहवाल शालनच्या पहिल्या अहवालासारखाच. "शालनवैनी सांगायच्या, आपोआप जातंय. मग परत कशाला जाऊ, सर?"

माझंच वाक्य. शालन गेली, ते अजून गल्लीत फिरतंय.

"जा," मी म्हणालो. "सांगितलेल्या वेळेला जाच. निवळलं नाही तर पुढे वाढतं."

"तुमाला कसं म्हाईत?"

ती दारात थांबली होती. मी चष्मा काढला, पुसला.

"पुस्तकात वाचलं," मी म्हणालो.