आढ्याला टांगलेलं डफडं

बाबांना काही विचारलं, की हातातल्या घड्याळाचा स्क्रू बसेपर्यंत उत्तर यायचं नाही. राळेगावच्या कापसाच्या जिनातून सायकलनं घरी आले, की लोकांची बंद घड्याळं उघडायची, नाहीतर लिंबाची कलमं बांधायची. जीव मात्र डफड्यावर.

गावच्या लग्नात वाजवणं हे आमच्या घराला लावून दिलेलं काम. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि बाबांनी डफडं आढ्याला टांगलं. पुढच्या उन्हाळ्यात पाटलाचा गडी दारात आला.

"लग्न आहे. डफडं घेऊन चाल."

"आता येत नाही."

"काहून? पिढ्यान्‌पिढ्या वाजवून राह्यले ना तुम्ही?"

"म्हणूनच," हातातला स्क्रू बसल्यावर बाबा म्हणाले.

नंतर कितीदा बोलावणं आलं. डफडं हाललं नाही. मला वाटायचं, बाबा वाजवणं विसरले.

मी सातवी पास झाले त्या दिवशी त्यांनी ते खाली काढलं, सैल कातडं जाळावर शेकलं आणि अंगणात उभं राहून मनगटं भरून येईपर्यंत वाजवलं. तोच गडी रस्त्यात थांबला.

"कोनं बोलावलं तुले?"

"कोनीच नाही," बाबा म्हणाले. या वेळी उत्तर लगेच आलं.